ठेक्याचं ताट



अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. परिषद महाळुंग्यात भरवलीत याचं समाधान त्याहून अधिक. हृदयविकारावरच्या परिषदा एरवी तारांकित हॉटेलांत होतात आणि तिथे दुपारच्या जेवणाला गुलाबजाम असतात. असो.

आपल्याला विचारला जाणारा प्रश्न ठरलेला आहे: ‘डॉक्टर, तेल कोणतं खाऊ?’ पूर्वी तो तुपाबद्दल होता, मग अंड्याच्या बलकाबद्दल झाला, हल्ली साखरेबद्दल आहे. पेशंटला एक गुन्हेगार हवा असतो आणि आपणही तो त्याच्या हवाली करून मोकळे होतो. बाहेर रांग असते, दुसरं करणार काय? पण हृदयविकाराच्या झटक्याचा आहाराशी जो संबंध आहे तो एका पदार्थाशी नाही. माणूस आठवडाभरात एकूण काय खातो आणि काय खातच नाही, याच्याशी आहे. मला आज याच्या पुढचं बोलायचंय. आपल्या चाकणच्या कारखानी पट्ट्यात हे ‘एकूण’ कामगार ठरवत नाही. ते ठरवतो कँटीनचा ठेका, पाळ्यांचा तक्ता आणि भाड्याची खोली.

आधी पुरावा. ५२ देशांतली ‘इंटरहार्ट’ पाहणी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. तिच्यातली दक्षिण आशियाची आकडेवारी वेगळी काढून २००७ साली ‘जामा’मध्ये जो निबंध छापला गेला, त्याचे पहिले लेखक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत ५८.८ व्या, असं त्यात दिसलं. मला जास्त टोचला तो दुसरा आकडा. झटका न आलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या माणसांत रोज फळं-भाज्या खाणारे इतर देशांत ४५.२ टक्के आणि आपल्या भागात २६.५. शाकाहाराचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या भागात!

त्याच पाहणीच्या आहारावरच्या २००८ च्या निबंधात सात गोष्टींवरून गुण दिले होते: मांस, खारे पदार्थ, तळण, फळं, पालेभाज्या, शिजवलेल्या भाज्या आणि कच्च्या भाज्या. सर्वांत वाईट आहाराच्या चौथाईत झटक्याची शक्यता सर्वांत चांगल्या चौथाईच्या १.९२ पट निघाली. शंकेला जागा आहेच. झटका येऊन गेलेला माणूस मागचं खाणं आठवतो ते डॉक्टरच्या तोंडाकडे बघून. तरी एक गोष्ट पाहा. सातांतल्या चार गोष्टी खायच्या आहेत, टाळायच्या तीनच. आपल्या चिठ्ठीवर मात्र ‘वर्ज्य’चा रकाना पानभर असतो.

आता वर्कर कँटीनचं नेहमीचं ताट. चपात्या, भाताचा ढीग, पातळ वरण, बटाट्याच्या जिवावर उभी असलेली रस्साभाजी, लोणचं, पापड. कोशिंबीर म्हणून कांद्याच्या दोन चकत्या, आणि कांदा कडाडला की त्याही गायब. तेही चाकणच्या कांदाबाजाराच्या शेजारी! नारायणगावचा टोमॅटो, जुन्नर-आंबेगावची भाजी नाशिक महामार्गाने रोज चाकणवरून पुढे जाते. आपल्या गेटातून त्यातली किती आत येते?

ठेकेदाराला शिव्या घालणं सोपं आहे. त्याचा थाळीचा दर वर्षभरासाठी बांधलेला असतो. पालेभाजीचा भाव आठवड्यात दुप्पट होतो, ती निवडायला माणसं लागतात, धुवायला पाणी लागतं आणि शिजली की पातेल्याच्या तळाशी जाऊन बसते. बटाटा भरीला येतो. शिवाय पालेभाजी नव्हती अशी तक्रार एचआरकडे कोणी नेत नाही. तक्रार जाते ती भात संपल्याची. दर ठरवणारा खरेदी विभाग सगळ्यात कमी दराचं टेंडर उचलतो आणि वर्षभराने आपण त्याच कामगारांची कोलेस्टेरॉल तपासणीची शिबिरं घेतो.

कँटीनबाहेरचं चित्र बिकट आहे. लातूर-बीडकडून आलेली कंत्राटी पोरं एका खोलीत चार-पाच जण राहतात. नाईट करून परतलेला मुलगा सकाळी भाजी निवडत बसेल ही अपेक्षाच चुकीची. तो टपरीवर वडापाव आणि चहा घेऊन झोपतो. त्याला भाकरीची थोरवी सांगायला आपण पुढे असतो. भाकरी मलाही प्रिय आहे. पण २०२५ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या पाहणीच्या निष्कर्षांनी थोडं जमिनीवर आणलं. पांढऱ्या भाताच्या जागी नुसता गहू किंवा भरडधान्य आणून मधुमेहाची शक्यता कमी होताना दिसली नाही. पिठूळ भाग कमी करून डाळी, दूध यांतली प्रथिनं वाढवली तिथे फरक दिसला. तो निष्कर्ष मधुमेहाचा, पण मधुमेह हा झटक्याचा सख्खा भाऊ. म्हणजे भाकरीसोबत उसळ हवी, मटकीची, हुलग्याची, आणि वाटीभर हवी, चव घेण्यापुरती नाही.

कायद्याने आपल्याला एक दार दिलं आहे आणि आपण त्यातून फारसे जात नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून अधिक कामगारांसाठी कँटीन आणि तिच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी, दोन्हींची तरतूद होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कँटीनची अट कंत्राटी कामगार धरून शंभरावर आणली. कँटीन समितीच्या बैठकीत झुरळं, उशीर, थंड जेवण यांवर बोलणं होतं. कारखान्याचा डॉक्टर तिथे बहुधा नसतोच. त्याने टेंडर निघण्याआधी तिथे असावं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार किलोकॅलरींच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत. त्यातला एका जेवणाचा वाटा करारात वजनाने लिहावा, आणि बटाटा भाजीत मोजू नये. महिन्याला तेलाचे किती डबे लागले आणि किती थाळ्या गेल्या, हा भागाकार समितीपुढे यावा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

दुपारच्या सत्रात ठेकेदार मित्र बोलणार आहेत. थाळीत दीडशे ग्रॅम भाजी आणि वाटीभर उसळ द्यायची तर दर किती वाढेल, तो आकडा त्यांनी न लाजता मांडावा. एचआर आणि खरेदी विभागाच्या मंडळींना विनंती, जेवून निघून जाऊ नका. तो आकडा ऐकायला थांबा.