हुकूम मराठीतून का नसावा?

भुईगावच्या वाडीवाल्यांस पावसाची वर्दी देणारा बॉट आपण रचू म्हटले, तर आधी प्रत्येक हुकूम त्याच्या कामाशी जोडावा लागतो. 'पायथन-टेलिग्राम-बॉट' या लायब्ररीतील 'कमांड हँडलर' हेच करतो: हुकमाचे नाव पाहून नेमून दिलेले काम चालवितो. पण टेलिग्रामवर हुकमाच्या नावात रोमन लहान अक्षरे, अंक व अधोरेखा एवढेच चालते; तेही 32 अक्षरांपर्यंत. 'पाऊस' बसत नाही! डिस्कॉर्डवर मात्र देवनागरी नाव चालते. म्हणजे अडचण लिपीची नव्हे, नियमाची. मग साधा मजकूर वाचणारा 'मेसेज हँडलर' जोडावा आणि 'पाऊस' हा शब्द त्यास ओळखू द्यावा. काम चार ओळींचे. वाडीतल्या आजोबांनी आपली लिपी का सोडावी? शिकायचे ते यंत्राने शिकावे, असे आम्हांस वाटते.