आगोटीत मनासाठी काय भरलंत?



आषाढ लागला की आपल्या किनाऱ्यावरची घरं आतल्या आत मिटतात. मांडव्याच्या लाँचा बंद असतात. रो-रो बोट चालते, पण समुद्राची मर्जी असेल तेवढीच. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणून होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या. मुंबईतला मुलगा फोनवर म्हणतो, ‘पाऊस जरा कमी होऊ दे, मग येतो.’ आणि पाऊस काही कमी होत नाही.

पोटाची बेगमी आपण मे महिन्यातच केलेली असते. आगोटीची खरेदी म्हणजे सुके बोंबील, जवळा, सुकट, वर्षाचा मसाला, तांदूळ, पापड, कोरडा लाकूडफाटा. यात आपलं कोणाचं कधी चुकत नाही. पण या दोन-अडीच महिन्यांसाठी मनाचं काय भरून ठेवलंय, असं कोणी विचारलं तर आपण त्याच्याकडे बघतच राहू. कवींना आषाढ फार आवडतो. त्यांचे कपडे कोण वाळवतं, ते मात्र कळायला मार्ग नाही. इथे चौथ्या दिवशी दोरीवरचं धोतर ओलंच असतं, भिंतीला ओल चढलेली असते, दुपारी तीन वाजता दिवा लावावा लागतो, आणि घरातलं वयस्कर माणूस पलंगावर कुशीवर वळतं ते संध्याकाळपर्यंत उठत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘काही नाही, बरं वाटत नाही.’ ताप नसतो, खोकला नसतो. बरं मात्र वाटत नसतं.

आज त्यासाठी घरातल्याच वस्तूंबद्दल बोलणार आहे. नव्या काही घ्यायच्या नाहीत. हल्ली बाजारात मन प्रसन्न करणाऱ्या मेणबत्त्या मिळतात, रंग बदलणारे दिवे मिळतात, हसऱ्या बुद्धाच्या मूर्ती मिळतात. माझा त्यांच्यावर राग नाही. पण बघायची वस्तू मनाला फार दिवस पुरत नाही, आठवडाभरात ती भिंतीचा भाग होऊन जाते. जिला हात लावावा लागतो ती वस्तू पुरते, आणि जिच्यामुळे दुसरं माणूस शेजारी येऊन बसतं ती त्याहून जास्त.

३ जून २०२० ची दुपार आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा घेऊन. आधीच करोनाची टाळेबंदी, त्यात हे. कौलं उडाली, पत्रे उडाले, माड मोडले, आणि पोफळींची आगरंच्या आगरं आडवी झाली. पोफळ नव्याने लावली तर सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे साठीतल्या बागायतदाराचं नुसतं त्या वर्षाचं पीक गेलं नव्हतं, पुढचा हिशेबच पुसला गेला होता. वीज कितीतरी ठिकाणी आठवडेच्या आठवडे नव्हती.

त्या दिवसांत असे एक गृहस्थ मी पाहिले. पडलेल्या झावळ्यांचा ढीग पुढ्यात घेऊन ते ओटीवर बसले होते आणि एकेक पात सोलून हीर काढत होते. दिवसभर तेच. हिरांच्या जुड्या झाल्या की खराटे बांधायचे. एवढ्या खराट्यांचं काय करायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. विकायचे म्हटले तर घेणार कोण, सगळ्यांच्याच अंगणात झावळ्या! पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेजारचे एक जण सुरी घेऊन येऊन बसले, मग आणखी एक. हीर सोलता सोलता कोणाचे किती माड गेले, पंचनामा कधी होणार, तलाठी कुठवर आलेत, अशी बोलणी सुरू झाली. पलंगावर पडून त्याच विचारांनी माणूस पोखरला गेला असता. खाली मान घालून हात चालू असले की तेच दुःख बोलता येतं. समोरासमोर बसून, ‘काय, कसं वाटतंय?’ असं विचारलं तर आपल्याकडचा पुरुष तोंड उघडत नाही. त्याच्या हातात काहीतरी लागतं.

आता कोणी म्हणेल, ही तुमची निरीक्षणं झाली, याला आधार काय? आधार आहे, आणि तो आपल्याच किनाऱ्यावर, खाली गोव्यात सापडतो. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या जवळजवळ ५०० रुग्णांवर एक प्रयोग केला. हे साधं वाईट वाटणं नव्हतं, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य होतं. निम्म्या रुग्णांना केंद्रातले नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याबरोबर सहा ते आठ भेटींचं समुपदेशन मिळालं. ते देणारे डॉक्टर नव्हते. गावातलीच, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. त्यांचा मुख्य भर एका गोष्टीवर होता, मन उभारी धरण्याची वाट न बघता रोजच्या जगण्यातलं एखादं छोटं, अर्थाचं काम ठरवायचं आणि करायचं. कुंड्यांना पाणी, शेजारणीकडे एक फेरी, सोडून दिलेलं शिवण पुन्हा हातात घेणं, या जातीचं. ३ महिन्यांनी पाहिलं तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली हे निष्कर्ष छापून आले.

आपली समजूत याच्या उलट असते. आधी बरं वाटेल, मग उठू, मग काम करू. नैराश्यात ते ‘आधी’ कधी येतच नाही. म्हणून हात आधी हलवायचा आणि मनाला मागून येऊ द्यायचं. आणि हात हलवायला समोर काहीतरी लागतं, म्हणून वस्तू.

आपल्या घरांत अशा वस्तूंना तोटा नाही. आडकित्ता घ्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या मुलखात प्रत्येक जुन्या घरात एखादा पितळी आडकित्ता असतोच. त्याची खरी किमया कातरण्यात नव्हती. पाहुण्यासमोर सुपारी कातरत बसलं की दहा मिनिटं कोणाला घाई करता येत नसे. मात्र सुपारी खाल्ल्याने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच जाहीर केलेलं आहे, तेव्हा आजोबा, आडकित्ता जरूर बाहेर काढा, त्याला तेल द्या, नातवाला दाखवा, आणि त्याने आवळे कातरा. सुपारी बागेतच बरी दिसते.

ओटीवरचा झोपाळा. नव्या बंगल्यांत तो शोभेला असतो आणि जुन्या घरांत त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी असते, दोन्ही वाईट. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०११ साली काही पुरुषांना दुपारी ४५ मिनिटं झोपवलं, एकदा स्थिर पलंगावर आणि एकदा हळू हेलकावणाऱ्या पलंगावर. हेलकावणाऱ्या पलंगावर झोप लवकर लागली आणि गाढही लागली. आपल्या आज्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, यासाठी स्वित्झर्लंडला कशाला जायला हवं? रद्दी तेवढी उचला. झोपाळ्यावर दोघं बसतात हे तर त्याहून चांगलं.

भजनाचे टाळ खुंटीवर असतील तर ते उतरवा, आषाढी आहेच. जाळं शिवायला काढलेलं असेल तर कोळीवाड्यात कोणाला काही सांगायची गरजच नाही. बंदीच्या महिन्यांत सगळी आळी जाळ्यांभोवती बसते, आणि कोणाच्या घरात काय चाललंय हे तिथे सुईबरोबर फिरतं. पांढरा कांदा पिकवणाऱ्या अलिबागच्या गावांत बायका त्याच्याच सुकल्या पातीने माळा विणायला बसतात, तिथलंही तेच. आणि आपले बेने इस्रायली शेजारी! त्यांच्यातले बहुतेक जण १९४८ नंतर इस्रायलला गेले, पण मलिदा अजून तिथेही होतो. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, गोड, वर फळं, आणि एलियाहू पैगंबराच्या नावाने सगळ्यांनी मिळून खायचं. परक्या देशात नारळ खोवायला घेतला की मंडळी आपोआप जमतात.

इथे एक सावधगिरीची गोष्ट, आणि ती मला महत्त्वाची वाटते. जुन्या वस्तू म्हटलं की लगेच पाट्या-वरवंट्याचं कौतुक सुरू होतं. वरवंट्याचं कौतुक बहुधा तो कधी न फिरवलेली माणसं करतात. वादळानंतर वीज नव्हती तेव्हा मिक्सर बंद, पंप बंद, म्हणून वाटण पाट्यावर आणि पाणी विहिरीवरून, हे सगळं बायकांच्याच अंगावर आलं. त्याने कोणाचं मन उल्हसित झालं असेल असं मला वाटत नाही. लादलेलं काम मनाला बळ देत नाही. १९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या दोघींनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात असाच काहीसा फरक पाहिला. एका मजल्यावरच्या वृद्धांना त्यांनी रोप निवडायला दिलं आणि त्याची निगा तुम्हीच राखा म्हणून सांगितलं. इतर लहानसहान निर्णयही त्यांच्यावर सोपवले. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण पाणी कर्मचारी घालणार होते. पहिल्या मजल्यावरची माणसं काही आठवड्यांत जास्त तरतरीत आणि आनंदी दिसू लागली. म्हणून सासूबाईंना विरंगुळा हवा म्हणून त्यांच्यापुढे मटार ओतायच्या आधी त्यांना विचारा. त्यांना कदाचित मटार नको असतील, रेडिओची खुंटी फिरवायची असेल. आणि तो रेडिओही असा ठेवा की त्यांचा हात पोचेल. आपण वस्तू कपाटावर ठेवतो आणि मग म्हणतो, हिला कशातच रस उरला नाही.

शेवटची वस्तू भिंतीवर आहे. १९७३ पासून कालनिर्णय आपल्या घरांत आहे. त्यावर दुधाचा हिशेब असतो, सिलिंडर कधी लागला ते असतं, आणि आपली किनाऱ्यावरची माणसं त्यावरून तिथी बघून तिची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. त्याच चौकोनात रोज एक ओळ लिहायची, आदल्या रात्री. ‘तुळशीची माती हलवणे.’ ‘रेवदंड्याला बहिणीला फोन.’ झालं की खूण करायची. नाही झालं तर दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात पुन्हा लिहायचं, अपराध्यासारखं वाटून घ्यायचं नाही. गोव्याच्या प्रयोगातही कामं अशी आधी ठरवून घेत.

आणि दोन आठवडे उलटूनही काहीच करावंसं वाटत नसेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर झोपाळा आणि आडकित्ता बाजूला ठेवून माणसाला गाठायला हवं, डॉक्टरला गाठायला हवं. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. क्रमांक १४४१६. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा. तो कॅलेंडरवर मात्र लिहू नका. ३१ तारखेला पान उलटलं की क्रमांक मागे जाईल. खिळ्याच्या शेजारी, भिंतीवरच लिहा, मोठ्या अक्षरांत, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या.