सहाणेवरचा फेर : गावाच्या सामाईक जागेचा विचार



सार्वजनिक नृत्यगृह म्हटले की विलायतेतील शहरे डोळ्यांपुढे येतात. लंडनमध्ये १९१९ साली हॅमरस्मिथ पॅले हे प्रशस्त नृत्यगृह उघडले. तिकीट काढावे आणि जोडीने नाचावे, अशी तेथील रीत होती. महाड-पोलादपूरच्या डोंगरकपारीतील वाड्यांना तिकीटही ठाऊक नव्हते आणि भिंतीही. देवळापुढील सहाण आणि घरापुढील सारवलेले अंगण हीच येथील नृत्यगृहे होत.

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर येते आणि खांद्यावर नाचविली जाते. गौरी-गणपतीत स्त्रिया झिम्मा-फुगड्यांनी रात्र जागवितात, तर पुरुषमंडळी जाखडी धरतात. मध्यभागी गायक आणि मृदंगवादक बसतात व पायांत घुंगरू बांधलेले नाचे त्यांच्याभोवती फेर धरतात. आरंभी गण, मग गवळण आणि त्यानंतर सवाल-जवाब असा क्रम असतो. शक्तीवाले आदिशक्तीचे, तर तुरेवाले शिवाचे श्रेष्ठत्व मांडतात. निरक्षर शेतकऱ्यालाही पुराणकथा मुखोद्गत असत, त्यात या फेराचा वाटा मोठा आहे.

पोटापाण्यासाठी येथील तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले, तेव्हा हा नाचही त्यांच्याबरोबर गेला. कोकणी कामकऱ्यांच्या कानांतील बाळ्यांवरून त्याला ‘बाल्या नाच’ हे नाव पडले, असे सांगतात. सोशल सर्व्हिस लीगने परळ येथे १९२२ साली उभारलेले दामोदर नाट्यगृह हे पुढे चाकरमान्यांच्या शक्ती-तुऱ्याचे हक्काचे ठिकाण झाले. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा लोककलावंतांची झालेली तळमळ समजण्याजोगी होती.

सामाईक जागा केवळ असून भागत नाही; ती सर्वांची असावी लागते. हा धडा महाडनेच देशाला दिला आहे. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. तरीही त्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. सहाण असो वा समाजमंदिर, तेथे कोण पाऊल टाकू शकतो, यावरच गावाची खरी परीक्षा होते.

२२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातही त्या वेळी बळी गेले. अशा आपत्तीनंतर नवी वसाहत आखताना घरे, रस्ते आणि पाणी यांची मोजदाद होते. मात्र जेथे पालखी टेकेल आणि फेर धरता येईल, अशी मोकळी जागा नकाशातून सहज सुटते. तिला खर्च थोडा लागतो. ग्रामसभेने ती आग्रहाने मागावी, अधिकाऱ्यांनी ती आखून द्यावी आणि शिक्षकांनी मुला-मुलींना तेथे फेर शिकवावा.

घरे उभी राहिली म्हणजे वस्ती होते. वस्तीतील माणसे एका अंगणात जमू लागली म्हणजे तिचे गाव होते.