औषधाची दुसरी बाजू कोण छापणार?



काशीला जाऊन आलेल्या मराठी माणसाला दशाश्वमेध घाटाची ओळख करून द्यावी लागत नाही. नानासाहेब पेशव्यांनी १७४८ मध्ये तो बांधला, अहिल्याबाई होळकरांनी १७७४ मध्ये पुन्हा बांधून घेतला. आजही संध्याकाळच्या आरतीच्या वेळी त्या पायऱ्यांवर मराठी बोलणं कानावर पडतं. बसलेल्यांत वयस्कर माणसं पुष्कळ असतात, आणि बहुतेकांच्या पिशवीत रक्तदाबाची, साखरेची नाहीतर थायरॉईडची गोळी असते. घाटाच्या उत्तरेला, जुन्या शहरात, सप्तसागर ही औषधांची घाऊक पेठ आहे. दक्षिणेला, अस्सीच्या पलीकडे लंका भागात, बनारस हिंदू विद्यापीठाचं सर सुंदरलाल रुग्णालय आहे. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधले गोरगरीब रुग्ण शेवटचा आधार म्हणून तिथं येतात. याच विद्यापीठातल्या डॉक्टरांच्या एका शोधनिबंधाचं काय झालं, ते मला आज सांगायचं आहे.

मे २०२४ मध्ये ‘ड्रग सेफ्टी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात हा निबंध आला. विषय होता कोव्हॅक्सिन लस घेतल्यानंतरचं एक वर्ष. डॉ. उपिंदर कौर, डॉ. शंखशुभ्र चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात लस घेतलेल्यांचा पाठपुरावा केला. ६३५ किशोरवयीन आणि २९१ प्रौढ, मिळून ९२६ जणांची माहिती त्यांच्या हाती आली. त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांनी लस घेतल्यानंतरच्या वर्षात विशेष लक्ष ठेवावं अशा काही तक्रारी झाल्याचं सांगितलं. गंभीर तक्रारी सुमारे एक टक्का लोकांना होत्या. बातम्यांनी ‘एक तृतीयांश लोकांना दुष्परिणाम’ एवढंच उचललं आणि घरोघरी घबराट पसरली.

हा अभ्यास दुबळा होता, हे मी आधीच स्पष्ट सांगतो. लस न घेतलेल्या माणसांचा तुलनेसाठी गट त्यात नव्हता. २०२२ च्या सुरुवातीला ओमायक्रॉनची लाट होती. त्या वर्षी सर्दी, खोकला, घशाचा संसर्ग कुणाला झाला नाही? मग झालेला संसर्ग लसीमुळे की लाटेमुळे, हे तुलनेशिवाय कळणार कसं? गिलाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार ०.१ टक्का लोकांना झाला असं निबंधात होतं. ९२६ मध्ये ०.१ टक्का म्हणजे एक माणूस. एका माणसावरून लसीला दोषी ठरवता येत नाही, आणि निर्दोषही ठरवता येत नाही. शिवाय माहिती बरीचशी फोनवर विचारून घेतलेली होती. वर्षभरापूर्वीचं दुखणं प्रत्येकाला नेमकं आठवेलच असं नाही.

हेच आक्षेप भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, घेतले आणि ते रास्त होते. परिषदेचे महासंचालक डॉ. राजीव बहल यांनी लेखकांना आणि संपादकांना पत्रं लिहिली. निबंधात परिषदेचे आभार मानले होते. या अभ्यासाशी आमचा संबंध नाही, ते आभार काढून टाका, असं त्यांनी कळवलं. तेही योग्यच. पण ते तिथं थांबले नाहीत. निबंध मागे घ्या, अशी मागणी संपादकांकडे झाली आणि तुमच्यावर कायदेशीर व प्रशासकीय कारवाई का करू नये, असं लेखकांना विचारलं गेलं. त्यानंतर लस बनवणाऱ्या भारत बायोटेक कंपनीनं हैदराबादच्या दिवाणी न्यायालयात बदनामीचा दावा लावला. प्रतिवादी कोण? निबंधाचे अकरा लेखक आणि नियतकालिकाचे संपादक. नुकसानभरपाई मागितली ५ कोटी रुपये. सप्टेंबर २०२४ मध्ये नियतकालिकानं निबंध मागे घेतला.

दुबळा निबंध मागे घेतला जाणं ही विज्ञानात लाजिरवाणी गोष्ट नाही. संपादकांना आपलं मत बदलण्याचा हक्क आहे. माझी हरकत ५ कोटींच्या दाव्याला आहे. सरकारी विद्यापीठातल्या एखाद्या निवासी डॉक्टरच्या हाती असं समन्स पडलं, तर पुढच्या वेळी तो कोणत्या औषधाचे दुष्परिणाम लिहून काढायला बसेल? त्याचे विद्यार्थी बसतील? अशा भीतीनं जे अभ्यास सुरूच होत नाहीत, त्यांची नोंद कुठल्याही नोंदवहीत सापडायची नाही.

आयसीएमआरची जागा इथं अवघड आहे, तेही सांगायला हवं. कोव्हॅक्सिनसाठी विषाणू वेगळा काढला तो आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, आणि ही संस्था परिषदेचीच. ते काम अभिमानाचं आहे, त्यात शंका नाही. पण लसीच्या विक्रीवर परिषदेला ५ टक्के रॉयल्टी ठरली होती. देशातल्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं घालून देणारी संस्था तीच, लसीची भागीदार तीच, आणि लसीवर शंका घेणाऱ्या निबंधाला कारवाईचा इशारा देणारीही तीच. जुलै २०२० मध्ये तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी चाचणी करणाऱ्या रुग्णालयांना पत्र पाठवून १५ ऑगस्टपर्यंत लस आणण्याचं लक्ष्य दिलं होतं. माणसांवरची चाचणी तेव्हा जेमतेम सुरू होणार होती. ३ जानेवारी २०२१ ला लसीला तातडीची परवानगी मिळाली, तेव्हा ती किती परिणामकारक आहे याचे आकडे हातात नव्हते. मार्चमध्ये ८१ टक्के हा आकडा आला तो कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकातून. तज्ज्ञांनी तपासलेला निबंध ‘लॅन्सेट’मध्ये नोव्हेंबर २०२१ ला छापून आला आणि त्यात परिणामकारकता ७७.८ टक्के होती. लस चांगली निघाली, याचा मला आनंद आहे. पण मधल्या दहा महिन्यांत कोट्यवधी लोकांनी दंड पुढे केला तो विश्वासावर, आणि त्या विश्वासाचं देणं म्हणून प्रत्येक आकडा, प्रत्येक तक्रार उघड्यावर तपासली जायला हवी होती.

काशीला या उघड तपासाची फार जुनी सवय आहे. पैठणहून रामेश्वर भट्टांचं घराणं तिथं जाऊन राहिलं. त्यांचे पुत्र नारायण भट्ट आणि पुढे कमलाकर भट्ट, गागाभट्ट ही याच घराण्यातली माणसं. कमलाकर भट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ चा. या पंडितांची रीत अशी, की आधी पूर्वपक्ष मांडायचा. समोरच्याचं म्हणणं त्याच्या सगळ्या बळानिशी लिहायचं, कुठल्या ग्रंथाचा आधार आहे ते सांगायचं आणि मग त्याचं खंडन करायचं. पूर्वपक्ष पोथीतून फाडून टाकला, तर सिद्धान्तालाही वजन राहत नाही. बनारसच्या डॉक्टरांचा पूर्वपक्ष कच्चा होता. त्याला उत्तर म्हणून परिषदेनं आणि कंपनीनं तुलना गटासह मोठा अभ्यास उभा केला असता आणि त्याच नियतकालिकात छापला असता, तर घाबरलेल्या आईबापांना खरं उत्तर मिळालं असतं.

औषधाची दुसरी बाजू दडपणं जगात नेहमी दाव्यानं घडत नाही. बहुतेक वेळा गुपचूप घडतं. चाचणीचा खर्च कंपनी करते, माहिती कंपनीच्या ताब्यात असते आणि निकाल मनासारखा नसेल तर तो कुणी छापायला पाठवतच नाही. २००८ मध्ये एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडच्या फायली काढून नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्या तपासल्या. प्रशासनाच्या मते त्यांतल्या ३८ औषधाच्या बाजूच्या होत्या, आणि त्यांतल्या ३७ छापून आल्या होत्या. उरलेल्या ३६ प्रतिकूल किंवा संशयास्पद होत्या. त्यांतल्या २२ छापल्याच गेल्या नाहीत. ११ छापल्या गेल्या त्या अशा मांडणीनं, की वाचणाऱ्याला औषध चाललं असंच वाटावं. जशा होत्या तशा फक्त ३ छापल्या गेल्या. म्हणजे प्रामाणिक डॉक्टरानं मन लावून सगळे निबंध वाचले, तरी त्याला दिसणार ते ९४ टक्के यश. फायलींत ते ५१ टक्के होतं. डॉक्टरांची चूक नाही, रुग्णाची तर नाहीच. दोघांच्याही हाती अर्धीच पोथी दिलेली होती.

थायरॉईडच्या गोळीचीही अशी एक कथा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात बेटी डाँग यांनी लिव्होथायरॉक्सिनचे चार प्रकार तपासले. खर्च बूट्स कंपनीचा होता. आपलं महाग औषध वरचढ ठरेल, अशी कंपनीची अपेक्षा होती. अभ्यास १९९० मध्ये पूर्ण झाला आणि निघालं असं, की स्वस्त गोळ्याही तितक्याच गुणकारी आहेत. अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकानं निबंध स्वीकारला, छपाईची तारीख ठरली. पण कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय काही छापायचं नाही, असं कलम करारात होतं. कायद्याची धमकी आली, विद्यापीठानं पाठीशी उभं राहायला नकार दिला आणि १९९५ च्या जानेवारीत डाँगबाईंनी निबंध परत घेतला. तो अखेर एप्रिल १९९७ मध्ये छापला गेला. तोवर लाखो लोकांनी त्याच गुणाच्या गोळीला जास्त पैसे मोजले.

उलटं उदाहरणही बनारसमध्येच आहे. काळ्या आजारावर डॉ. श्याम सुंदर यांनी बनारस आणि मुझफ्फरपूर इथं वर्षानुवर्षं काम केलं. महिनाभर सुया घेण्याऐवजी लायपोसोमल अँफोटेरिसिनची एकच मात्रा पुरते, हा त्यांच्या गटाचा निष्कर्ष २०१० मध्ये आकड्यांसकट छापून आला, जगानं तो तपासला आणि बिहारमधल्या शेतमजुरांचं रुग्णालयातलं राहणं त्यामुळं कमी झालं. निकाल उघडा असला की त्याचा फायदा खाटेवरच्या माणसाला असा पोहोचतो.

आपल्याकडे नियम अगदीच नाहीत असं नाही. २००७ मध्ये क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधचाचणीची नोंद तिथं सक्तीची आहे. मे २०१७ मध्ये आयसीएमआरनं जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारातल्या एका संयुक्त निवेदनावर सही केली. चाचणीचे निकाल ठरलेल्या मुदतीत लोकांसमोर ठेवू, असं त्यात मान्य केलं आहे. नोंदणीची सक्ती जशी कडक आहे, तशीच निकाल जाहीर करण्याची झाली पाहिजे, आणि न करणाऱ्याला दंड झाला पाहिजे. विद्यापीठांनीही करारात कंपनीला छपाईवर नकाराधिकार देता कामा नये. आणि आपल्या डॉक्टरांवर दावा लागला, तर वकिलाचा खर्च संस्थेनं उचलला पाहिजे.

श्रोतेहो, पुण्यात, मुंबईत, नाशिकमध्ये, नागपुरात आज औषधांच्या चाचण्या चालू आहेत. उद्या तुमच्या आईला किंवा सासऱ्यांना एखाद्या रुग्णालयात विचारतील, की नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेता का? जरूर घ्या, कारण नवं औषध त्याशिवाय येत नाही. संमतीपत्र मराठीत मागा. रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक विचारा आणि तो वहीत लिहून ठेवा. निकाल वाईट आला तरी छापणार का, हे डॉक्टरांना सही करण्याआधी विचारा. चाचणी संपून वर्ष झालं, की घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला तो क्रमांक रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोधायला सांगा. निकाल दिसला नाही, तर ज्या रुग्णालयात सही केली त्याच्या नीतिमत्ता समितीला पत्र लिहून तो मागा.