विध्यालय ते विद्यालय



तुमच्या टी-शर्टवर छातीशी जी आडवी पट्टी शिवली आहे, तिचं सकाळपासून कौतुक चाललंय. ती फॅशन नाही. तिच्याखाली माझी चूक आहे.

संमेलनाचे ४६ टी-शर्ट भरतकाम होऊन आले, तेव्हा शाळेच्या नावात 'विध्यालय' होतं. मजकूर मी बरोबर पाठवला होता. दुकानात तो पुन्हा टाइप झाला आणि जोडाक्षर बिघडलं. पण नमुना माझ्याच फोनवर आला होता आणि मी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या 'ओके' कळवून टाकलं. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतेय! मशीनला दोष देऊन उपयोग नाही. भरतकामाच्या फाइलमध्ये अक्षरं नसतातच. सुई किती सरकवायची आणि धागा कुठे बदलायचा, एवढंच असतं. तिथे शुद्धलेखन कोण बघणार? मराठीचे सर पहिल्या रांगेत बसणार, या विचाराने मला झोप लागेना.

आधी वाटलं, एकच अक्षर बदलू. इंग्रजी असतं तर जमलंही असतं, तिथे अक्षरं सुटी. आपल्या शब्दावरून शिरोरेषा जाते; ती मध्येच कापली की दोन्हीकडचे टाके सैल होतात. शिवाय 'द्य' आटोपशीर, त्यामुळे 'ध्य'ची भोकं उघडी पडतात. मग अख्खा शब्दच उसवला. मशीनच्या भरतकामात वरचा धागा रंगीत आणि खालचा, बॉबिनचा, बहुधा पांढरा. शर्ट उलटा करायचा आणि तो पांढरा धागा ब्लेडने थोडा थोडा कापत जायचं. मागे लावलेल्या कागदी अस्तरामुळे कापड जरा वाचतं. मग सुलट बाजूने चिमट्याने रंगीत धागा उचलायचा. सुटला असेल तर अलगद येतो. नसेल तर पुन्हा उलट बाजूला जायचं, ओढायचं नाही. शेवटी वाफेची इस्त्री. काही भोकं बुजतात, काही राहतातच. त्यावर, जुन्या शब्दापेक्षा सगळीकडून मोठी, बरोबर नाव भरलेली पट्टी. पाच जणी, तीन रविवार. एका शर्टला माझ्या हातून भोक पडलं. तो आज मी घातलाय.

हे मी कुठे शिकले, ते सांगायला खरं तर उभी राहिले आहे.

आठवीतला माझा मरून स्वेटर काहींना आठवत असेल. 'मुंबईच्या मावशीने पाठवला' असं मी सांगितलं होतं. मला मुंबईला मावशीच नाही. आई ज्यांच्याकडे पोळ्या करायची, त्यांच्या मुलीचा तो स्वेटर. ती दुसऱ्या शाळेत होती आणि छातीवर त्या शाळेची तीन इंग्रजी अक्षरं जाड धाग्याने भरलेली होती. आईने ती रात्री बल्बखाली बसून ब्लेडने काढली. एका जागी लोकरीचाच टाका कापला गेला. सकाळी बघते तर अक्षरं गेली होती, पण त्यांची सावली तशीच! बाकी स्वेटर उन्हापाण्याने विटला होता आणि धाग्याखालचा रंग ताजा राहिला होता. तीनही अक्षरं गडद मरूनमध्ये स्वच्छ वाचता येत होती. आईला मी 'छान दिसतोय' म्हटलं आणि वर्षभर वह्या छातीशी धरून शाळेत यायचं ठरवलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी शिवणाच्या बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावलं. कुठून आणला, कुणाचा, काही विचारलं नाही. त्यांनी आधी सुटलेला टाका सुईने पकडून दुसऱ्या लोकरीने बांधला. ब्लेड कसं धरायला हवं होतं तेही तेव्हाच दाखवलं. मग म्हणाल्या, "उसवलेलं पुसता येत नाही गं. त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी वर काढायचं." त्यांनी हातभर निळं कापड काढलं, त्यावर वाटी ठेवून गोल आखला आणि आत शाळेच्या बोधचिन्हातला दिवा.

आता तुमच्यासाठी. त्या आठवड्यात कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी अचानक आठवी 'ब'च्या सगळ्यांना निळ्या गोलावर दिवा भरायला लावला आणि तो प्रत्येकाच्या स्वेटरवर शिवायला सांगितलं. मुलांनी 'हे बायकी काम' म्हणून किती कटकट केली, किती बोटं टोचून घेतली! साखळी टाका उलटा घालून कुणाकुणाच्या दिव्याची ज्योत खाली लोंबत होती. आठवडाभराने वर्गातल्या सगळ्या स्वेटरांवर दिवा होता आणि माझ्या वह्या दप्तरात गेल्या. तो उपक्रम कुणासाठी होता, हे आईला मी कधी सांगितलं नाही. तिला वाटलं, शाळेचा नियम.

परवा बाईंना फोनवर हे विचारलं. म्हणाल्या, "छे गं, त्या वर्षी निळं कापड उरलं होतं."

आज सकाळी दारातच त्यांनी माझ्या टी-शर्टची कड धरली, उलटी करून मागचे टाके बघितले आणि म्हणाल्या, "इथे घाई केलीस."