माइक कोणाच्या हातात आहे?

रविवारी सकाळी एवढी मराठी माणसं ट्रॅफिक ओलांडून एचएसआर लेआउटमध्ये जमतात, तेही रॅपवर ऐकायला, याचं मला खरंच नवल वाटतंय.

आधीच सांगून टाकते, मी गायिका नाही. मी मूळची सोलापूरची, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आमच्या टीममधली काही माणसं मनिलाहून काम करतात. त्यांच्यापैकी एकाने मला ग्लॉक-9 नावाचा रॅपर ऐकवला. त्याचं खरं नाव अरिस्टॉटल पोलिस्को. 2009 साली त्याचं ‘उपुआन’ हे गाणं आलं. उपुआन म्हणजे खुर्ची. एक गरीब माणूस खुर्चीवर बसलेल्या बड्या माणसाशी बोलतो, असं ते गाणं. 2012 साली आलेल्या ‘सिरेना’मध्ये बापाचा मार खात वाढलेल्या समलिंगी मुलाची गोष्ट आहे. ही गाणी तिकडे घराघरांत पोचली. त्याच्याही आधी, 1990 मध्ये, फ्रान्सिस मॅगालोनाने ‘मगा काबाबायान’ म्हणत, म्हणजे ‘देशबांधवांनो’ अशी हाक घालत, तिथल्या लोकांच्या भाषेत रॅप रुजवला होता.

हे सगळं सांगून झाल्यावर त्या सहकाऱ्याने सहज विचारलं, “तुमच्या भाषेत असं कोण गातं?”

आजचं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

मुंबईत ‘स्वदेसी’ नावाचा एक गट आहे. त्यांनी ठरवलं की प्रत्येकाने आपापल्या भाषेत रॅप करायचा. एमसी मवाली मराठीत. एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत. आणि अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, ज्याचं नाव लिहिलं जातं ‘100 आरबीएच’. शंभर म्हणजे हिंदीत सौ, पुढे रभ. झालं की नाही सौरभ? मवाली, तोडफोड ही नावंही बघा. वस्तीतल्या पोरांना जे शब्द लोक शिवीसारखे वापरतात, तेच यांनी पाटीवर लिहून टाकले.

राग आला की रॅप आपोआप होतो, असं पुष्कळांना वाटतं. या पोरांनी मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम प्रोजेक्ट’मध्ये कर्नाटक संगीतातल्या कोन्नक्कोलवर मेहनत घेतली. कोन्नक्कोल म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणायची विद्या. बंगळूरमध्ये ती वेगळी समजावून सांगायला नको. तीनच्या गतीतून सातच्या गतीत उडी मारायची आणि सम चुकवायची नाही, हा त्यातला रियाज. पुढे हाच मेळ ‘गली बॉय’ सिनेमातल्या ‘इंडिया 91’ या गाण्यात देशभर ऐकला गेला. ते साल 2019.

त्याच 2019 मध्ये स्वदेसीचं दुसरं एक गाणं आलं, ‘द वारली रिव्होल्ट’. मला तुमच्याशी खरं बोलायचंय ते याच गाण्याबद्दल.

मुंबईत गोरेगावजवळ आरे आहे. आपण त्याला दूध कॉलनी म्हणून ओळखतो. पण तिथे आदिवासींचे 27 पाडे आहेत, हे मुंबईत जन्म काढलेल्यांनाही ठाऊक नसतं. मेट्रो 3 ची कारशेड तिथे करायचं ठरलं आणि झाडांचा प्रश्न पेटला. यावर गाणं करताना स्वदेसीच्या पोरांनी एक गोष्ट केली. आरेतल्याच पाड्यावर राहणारे आदिवासी कार्यकर्ते आणि कलावंत प्रकाश भोईर यांना त्यांनी गाण्यात घेतलं. ‘आम्ही आदिवासींची व्यथा मांडतो’ असं म्हणून स्वतःच सगळं म्हणून टाकणं सोपं होतं. त्यांनी माइक त्यांच्याकडे दिला.

आता पुढे काय झालं ते सरळ सांगते. 4 ऑक्टोबर 2019 ला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. त्याच रात्री करवती चालू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने आणखी झाडं तोडायला मनाई केली, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. मग एका सरकारने कारशेड कांजूरमार्गला नेली, दुसऱ्याने 2022 मध्ये परत आरेत आणली. 2024 च्या ऑक्टोबरपासून मेट्रो 3 धावतेय आणि कारशेड आरेतच आहे.

मेट्रो नको असं मी म्हणत नाहीये. सिल्क बोर्डच्या सिग्नलला उभं राहणारा कोणीही तसं म्हणणार नाही! पण प्रश्न उरतोच: मग ते गाणं हरलं का?

गाण्याने कारशेड थांबावी ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. ते काम न्यायालयाचं, सरकारचं, मतदाराचं. गाण्याचं काम वेगळं. सरकारी नकाशावर ज्याला ‘जागा’ म्हणतात, तिथे माणसं राहतात आणि त्यांना नाव आहे, आवाज आहे, हे ऐकवणं. प्रकाश भोईरांचा आवाज आज कोणीही फोनवर ऐकू शकतं. अहवालात त्यांचा पाडा एका ओळीत उरकता येतो, गाण्यात येत नाही.

आणि आपण बसलोय ते कुठे? ‘लेआउट’ या शब्दातच सगळं आलं. कोणीतरी शेतांवर रेघा मारल्या, सेक्टर पाडले. अगरा, सोमसुंदरपाळ्या ही गावं होती, आजही आपल्या इमारतींच्या मधे आहेत. तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडेही गाणी असतील. आपण कधी विचारलंय?

तुम्ही म्हणाल, मराठीला हे नवीन नाही. बरोबर आहे. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. डफाच्या जागी बीट आला, एवढाच फरक असं म्हणायचा मोह होतो. पण एक मोठा फरक आहे. शाहिराच्या मागे पक्ष होता, युनियन होती, गिरणगावातली गर्दी होती. आजचा रॅपर बहुतेक वेळा खोलीत एकटा असतो. गाणं लाखो लोक बघतात, पण पोलीस दारात आले तर त्यातले किती येणार?

हे मी हवेत बोलत नाही. एप्रिल 2023 मध्ये महाराष्ट्रात राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुण रॅपरांवर राजकारणावरच्या गाण्यांसाठी पोलिसांनी गुन्हे नोंदवले. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ आठवा, 2014 चा. त्यातल्या लोकशाहिरावर खटला चालतो, आणि आपण थिएटरमध्ये बसून हळहळतो. नऊ वर्षांनी तशीच बातमी पेपरात आली तेव्हा आपण पान उलटलं. त्यांची भाषा आवडो न आवडो, गाण्याला उत्तर गाण्याने द्यावं, एवढं तरी आपण म्हणायला हवं होतं.

दुसरा प्रश्न पोटाचा. स्ट्रीमिंगमधून मिळतात पैसे, पण एका ऐकण्यामागे ते पैशांतच मोजावे लागतात. पोट भरतं ते कार्यक्रमांवर. कार्यक्रम देणारा म्हणतो, “जरा हलकंफुलकं करा ना.” म्हणून 100 आरबीएच 2023 मध्ये ‘एमटीव्ही हसल’च्या तिसऱ्या पर्वात उतरला, तेव्हा ‘विकला गेला’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. अमरावतीच्या पोराने मोठ्या मंचावर आपलं म्हणणं नेलं, तर त्यात कमीपणा कसला? आपण पगारवाढ मागताना तत्त्व आड येतं का?

मार्च 2022 मध्ये धर्मेश परमार गेला. वय 24. एवढ्या वयात त्याने गुजरातीत रॅपची वाट पाडून ठेवली. तो गेल्यावर त्याची गाणी शोधून ऐकणाऱ्यांत मीही होते. ऐकताना वाटत राहिलं, कलावंत जिवंत असताना आपण फार स्वस्तात ऐकतो.

म्हणून तीनच गोष्टी सांगून थांबते. गणेशोत्सवाला इथली मराठी मंडळं ऑर्केस्ट्रा बोलावतात. एका वर्षी मराठी रॅपर बोलवा, मानधन आधी ठरवा आणि गाण्यांची यादी त्यालाच ठरवू द्या. दुसरं, घरातल्या मुलांना मराठी येत नाही म्हणून आपण रडतो. त्यांना वऱ्हाडी रॅप लावून द्या. शब्द अडला की तीच येऊन अर्थ विचारतील. आणि तिसरं, गाणं ज्यांच्याबद्दल आहे ती माणसं त्या गाण्यात आहेत का, हे बघायची सवय लावून घ्या. असतील तर ते गाणं पुढे पाठवा, आणि कलावंताच्या कार्यक्रमाचं तिकीट काढा. फुकटचा पास मागू नका.