तहान कशाची?

मंडळी, आज आम्ही आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. तो आपल्या मुळशीचाच. भातशेती करतो.

१५ वर्षांपूर्वी त्याच्या रक्तात 'सी' जातीची कावीळ निघाली. ही कावीळ दूषित सुईतून, दूषित रक्तातून अंगात शिरते. वर्षानुवर्षे गप्प राहते आणि आतल्या आत यकृत पोखरते.

त्या काळी या रोगावर इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. दर आठवड्याला एक. काही महिन्यांनी त्याला सारखी तहान लागू लागली. रात्री चार-चार वेळा तो लघवीला उठे. अंग वाळलं. घरचे म्हणाले, "औषधाची गरमी आहे. काविळीला उसाचा रस चांगला." आम्हीही मान डोलावली! मग रोज दोन पेले रस सुरू झाला. एके दिवशी तो बांधावरच कोसळला. दवाखान्यात कळलं, त्याला मधुमेह झाला होता.

असे का झाले? इंटरफेरॉन शरीरातल्या राखणदारांना जागे करते. ते रोगाच्या विषाणूवर तुटून पडतात. पण राखणीचे कुत्रे कधी घरधन्यालाच चावते ना? तसे क्वचित एखाद्याच्या शरीरात होते. पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. तिथे इन्शुलिन तयार होते. राखणदार तिथेच हल्ला करतात. इन्शुलिन आटते आणि साखर रक्तात साचते.

आता काळ बदलला आहे. 'सी' काविळीवर आता बहुधा गोळ्याच देतात. पुष्कळांना १२ आठवडे पुरतात. २०१८ साली सरकारने यासाठी कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषध फुकट मिळते.

मात्र आधीपासून मधुमेहाचे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना तसे सांगा. विषाणू गेला की काहींची साखर उतरते. मग जुने औषध जास्त होते. घाम सुटला, हातपाय थरथरले, भोवळ आली, तर लगेच साखर खा आणि डॉक्टरांना गाठा.

कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नका. फार तहान लागली, लघवी वाढली, अंग वाळू लागले, तर पौडच्या सरकारी रुग्णालयात जा. रक्तातली साखर तपासून घ्या.

आमचा विद्यार्थी वाचला. आज तो रोज इन्शुलिन टोचून घेतो आणि शेतीही करतो. शाळेत आम्ही मुलांना सांगत असू, "समजलं नाही तर विचारा." त्या वेळी आम्हीच विचारलं नाही. तुम्ही विचारा.